आवडीचा वारसा : तीजनबाई आणि 'घरातले गाणे'

१. प्रस्तावना

'खाण तशी माती' अशी मराठीत म्हण आहे. गायक-गायिकांची चरित्रे लिहिताना ही म्हण न उच्चारता वापरली जाते. 'घरात गाण्याचे वातावरण होते' किंवा 'गाणे तिच्या रक्तातच होते' ही वाक्ये पहिल्या पानावर येतात आणि वाचक पुढे सरकतो. पुढची सगळी कारकीर्द या एका वाक्याने समजली, असे आपल्याला वाटते.

समीक्षेच्या दृष्टीने हे वाक्य अपुरे आहे. 'वातावरण' म्हणजे नेमके काय, ते कोणी निर्माण केले, आणि त्या घरातल्या सगळ्या मुलांना ते सारखेच मिळाले का, हे प्रश्न त्यात दडून राहतात. या पाठात आपण आई-वडिलांची सांगीतिक आवड मुलांपर्यंत कशी पोहोचते, याचा विचार करणार आहोत. त्यासाठी मुख्य उदाहरण छत्तीसगडमधील भिलाईजवळच्या गनियारी गावात वाढलेल्या पंडवानी-गायिका तीजनबाई यांचे घेतले आहे. तुलनेसाठी मराठी वाचकांच्या परिचयाची काही घरे पाहू.

२. 'वातावरण' या शब्दाची फोड

घरातून मुलाला संगीताच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळू शकतात.

पहिली गोष्ट श्रवण. घरात जे वाजते आणि गायले जाते ते मुलाच्या कानावर पडते. यात शिकवण्याचा हेतू असेलच असे नाही. आई जात्यावर ओव्या म्हणते तेव्हा ती मुलाला ओवी शिकवत नसते. पण मुलाला ती पाठ होते.

दुसरी गोष्ट शिक्षण. कोणीतरी समोर बसवून सांगते, चुका काढते, पुन्हा म्हणायला लावते. श्रवणाला वेळापत्रक नसते, शिक्षणाला असते.

तिसरी गोष्ट संमती. 'तू हे गा' किंवा 'तू हे गायचे नाही' असे घर ठरवते. यात मुलगा की मुलगी, कोणती जात, घरची आर्थिक स्थिती काय, असे संगीताबाहेरचे प्रश्न येतात.

बहुतेक प्रसिद्ध उदाहरणांत या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडून मिळालेल्या असतात. त्यामुळे त्या वेगळ्या दिसत नाहीत आणि सगळ्याला मिळून 'रक्त' असे नाव दिले जाते. मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर हे असे उदाहरण. मोगूबाईंनी अल्लादिया खाँसाहेबांकडून जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली होती. किशोरीताईंनी लहानपणापासून आईचा रियाज ऐकला, आईकडूनच तालीम घेतली आणि गाणे हेच आयुष्य असावे ही अपेक्षाही आईचीच होती.

पण याच घरात आणखी दोन गोष्टी घडल्या. मोगूबाईंनी मुलीला आपल्यापुरते मर्यादित ठेवले नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या दुसऱ्या परंपरेतल्या गुरूंकडेही शिकू दिले. दुसरे असे की किशोरीताईंनी १९६४ च्या 'गीत गाया पत्थरों ने' या हिंदी चित्रपटासाठी गायन केले, ते आईला रुचले नाही. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच हातातून मिळाल्या तरी मुलीची आवड आईच्या आवडीची प्रत झाली नाही. आईने जी दारे उघडली त्यांतून मुलगी स्वतःच्या वाटेने गेली.

पंडित भीमसेन जोशी यांच्या बाबतीत या गोष्टी एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात. श्रवण घरात होते, आईची भजने होती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेने त्यात भर घातली. शिकण्याची सोय मात्र मनासारखी नव्हती. १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून गेले. वडिलांनी त्यांना शोधून परत आणले आणि नंतर ते सवाई गंधर्वांकडे शिकू लागले. इथे श्रवण आधी आले, संमती आणि शिक्षण मागाहून आले. मधल्या काळात मुलाला उपाशीतापाशी भटकावे लागले.

हा फरक लक्षात ठेवून आता भिलाईकडे वळू.

३. भिलाई आणि गनियारी

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून लोहखनिज येऊ लागले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून नोकरीसाठी माणसे आली आणि सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, मराठी अशी अनेक भाषांची घरे एका भिंतीला भिंत लावून राहू लागली. प्रत्येक घराने आपले गाणे बरोबर आणले होते.

या नव्या वसाहतीच्या आजूबाजूला जुनी गावे होतीच. गनियारी हे त्यांपैकी एक. तीजनबाईंचा जन्म १९५६ सालचा. म्हणजे कारखाना आणि ही मुलगी एकाच काळात वाढत होती. पुढे तीजनबाईंना याच कारखान्यात नोकरी मिळाली. पण त्यांचे गाणे कारखान्याबरोबर आले नव्हते. ते आधीपासून तिथे होते.

४. पंडवानीचे स्वरूप

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा छत्तीसगढी बोलीत गाऊन आणि सांगून सादर करण्याची परंपरा. मुख्य गायकाच्या हातात तंबुरा आणि करताल असतात. सोबत हार्मोनियम, तबला, ढोलक अशी साथ असते. 'रागी' नावाचा एक साथीदार असतो. तो मधूनमधून हुंकार देतो, 'मग काय झाले' असे विचारतो, कधी गमतीने आडवा प्रश्नही टाकतो. मराठी वाचकाला पोवाड्यातला झीलकरी आठवेल. पण रागी केवळ सूर ओढत नाही, तो कथा पुढे ढकलतो.

या परंपरेच्या दोन शैली सांगितल्या जातात. वेदमती शैलीत लिखित महाभारताचा, विशेषतः सबलसिंह चौहान यांच्या पद्य महाभारताचा, आधार घेतला जातो आणि गायक बसून गातो. झाडूराम देवांगन हे या शैलीचे मोठे गायक. कापालिक शैलीत गायक उभा राहून, हिंडत, अभिनय करत कथा रंगवतो आणि मौखिक परंपरेतून व स्वतःच्या कल्पनेतून भर घालतो. पूर्वी स्त्रिया गायल्या तर वेदमती शैलीत, बसून गात. उभे राहून, आवाज चढवून, भीम होऊन गर्जना करणे हे पुरुषांचे काम मानले जाई.

५. तीजनबाई : तीन गोष्टी तीन ठिकाणी

तीजनबाई पारधी समाजात जन्मल्या. त्यांचे आईचे वडील बृजलाल पारधी पंडवानी गात. आजोबा महाभारत सांगत आणि लहान तीजन ते ऐकत असे. ऐकता ऐकता तिला कथेचा मोठा भाग पाठ झाला. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून तिला अनौपचारिक शिक्षण मिळाले. वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावात तिने पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी १० रुपये मिळाली. तिने निवडली ती कापालिक शैली.

आता संमतीकडे पाहू. मुलीचे हे गाणे आईला पसंत नव्हते, असे तीजनबाईंनी मुलाखतींतून सांगितले आहे. बाराव्या वर्षी लग्न झाले होते. पंडवानी गाते म्हणून समाजाने तिला बहिष्कृत केले. तिने एक झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडी आणि अन्नधान्य मागून आणले आणि एकटी राहिली. गाणे मात्र सोडले नाही.

मघाच्या तीन कसोट्या लावल्या तर चित्र असे दिसते : श्रवण आजोबांकडून, शिक्षण मुख्यतः घराबाहेरच्या गुरूकडून, आणि संमती कोणाकडूनच नाही. शिवाय एक पिढी ओलांडलेली आहे. आवड आजोबांकडून नातीकडे आली. मधल्या पिढीने ती पुढे केली नाही, उलट अडवली.

आजोबांची पंडवानी त्या घरात ऐकण्याजोगी होती. ती घरातल्या मुलीने गाण्याजोगी आहे, असे मात्र कोणी धरून चालले नव्हते. एकच गाणे नातीने ऐकले तर कौतुक आणि गायले तर अपराध, असे का व्हावे? कारण घर मुलांना संगीताबरोबर संगीताचे नियमही देते. कोण गाणार, कोण ऐकणार, कोण बसून गाणार, कोण उभे राहून, हेही मूल घरातच शिकते. तीजनबाईंनी आजोबांकडून गाणे घेतले. नियम घेतले नाहीत.

६. सादरीकरणात उरलेले बालपण

हा मुद्दा केवळ चरित्राचा नाही, कलाकृतीचाही आहे. तीजनबाईंच्या सादरीकरणाकडे लक्ष दिले तर त्यांच्या हातातला तंबुरा सतत रूप बदलताना दिसतो. तो भीमाची गदा होतो, अर्जुनाचे धनुष्य होतो, प्रसंगी द्रौपदीचे केसही. वाद्य, शस्त्र आणि स्त्रीचे शरीर या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत येतात. बसून गाणाऱ्या गायिकेला हे करता आले नसते. उभे राहण्याची जी मोकळीक मुलीला नाकारली होती, तिच्यावरच हा सगळा अभिनय उभा आहे.

रागीचा विचारही या अंगाने करावा असे मला वाटते. पंडवानीत ऐकणारा माणूस रंगमंचावरच बसलेला असतो. तो 'हो' म्हणतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य दाखवतो. आजोबांसमोर बसून महाभारत ऐकणारे मूलही हेच करत असते. पंडवानीची घडणच अशी आहे की तिच्यात शिकण्याची पहिली पायरी, म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, उघड दिसते. ज्या परंपरेत ऐकणाऱ्याला एवढी मोठी जागा आहे, ती परंपरा ऐकणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचली यात नवल नाही. नवल याचे की त्या परंपरेचे पालन करणाऱ्या समाजाने तिचे ऐकणे धरले आणि गाणे नाकारले.

७. घराबाहेरचे पालक

आवड घडवणारे पालक केवळ घरात नसतात. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठे स्थान दिले आणि चित्रपटगीतांना जवळजवळ बाहेर ठेवले. हा एका अर्थाने कडक वडिलांचा निर्णय होता : घरात चांगलेच वाजेल. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली आणि अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोहोचली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांमुळे अनेक शास्त्रीय गायक-वादकांना मोठे व्यासपीठ मिळाले हे खरे. पण मनाई करून आवड घडत नाही हेही दिसून आले.

याउलट उदाहरण दुर्गपासून फार लांब नसलेल्या खैरागडचे आहे. तिथले राजे बीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची मुलगी इंदिरा हिला संगीताची आवड होती. ती लहान वयातच वारली. तिच्या स्मरणार्थ आई-वडिलांनी आपला राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. मराठी वाचकांना ठाऊक असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर सुरुवातीच्या काळात तिथे कुलगुरू होते. आई-वडील मुलांची आवड घडवतात असे आपण म्हणतो. इथे मुलीच्या आवडीने आई-वडिलांच्या हातून एक विद्यापीठ घडवून घेतले.

१९५६ हेच तीजनबाईंचे जन्मवर्ष. एकाच परिसरात एका मुलीच्या आवडीसाठी राजवाडा रिकामा होतो आणि पुढे दुसऱ्या मुलीला त्याच आवडीसाठी घराबाहेर काढले जाते. दोघींच्या आवडीत अंतर होते असे म्हणायला आपल्याकडे काही आधार नाही. अंतर होते ते घरांच्या ऐपतीत आणि प्रतिष्ठेत.

८. दोन समज आणि त्यांची मर्यादा

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की आवड ही नैसर्गिक देणगी वाटते, पण ती वर्गाच्या वारशातून येते. सुशिक्षित घरातल्या मुलाला अभिजात संगीत 'आपोआप' आवडते, कारण ते त्याच्या घरात आधीपासून असते. शाळा आणि समाज नंतर त्या आवडीला गुण देतात. 'रक्तात गाणे' या समजावरचा हा मोठा आक्षेप आहे.

तीजनबाईंच्या उदाहरणाने या विचाराला पुस्ती जोडावी लागते. त्यांना वारसा मिळाला होता, पण त्या काळी बाजारात त्याला मोल नव्हते. मोल नंतर आले. रायपूरचे नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी त्यांचे गुण ओळखले. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या १९८८ च्या दूरदर्शन मालिकेतील महाभारताच्या भागांत त्यांची पंडवानी देशभर दिसली. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. म्हणजे वारसा आणि त्याची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या असतात. किंमत ठरवणारे हात घराबाहेर असतात. मराठी संगीतसमीक्षक अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, कला, जन, भक्ती अशा संगीतकोटींचा विचार मांडला आणि प्रत्येक कोटी तिच्या स्वतःच्या निकषांनी समजून घ्यावी असा आग्रह धरला. पंडवानीला 'अशिक्षित पण प्रतिभावान' अशी शाबासकी देणे म्हणजे कलासंगीताची फूटपट्टी लोकसंगीताला लावणे होय.

दुसरा समज पहिल्याच्या नेमका उलट आहे : 'विरोध झाला म्हणूनच ती मोठी झाली.' पुरस्कारांच्या बातम्यांत हा सूर हमखास असतो. तो ऐकायला प्रेरक वाटतो, पण धोकादायक आहे. विरोधातून कला जन्मत असती तर जिथे मुलींना गाऊ दिले जात नाही त्या प्रत्येक गावात एक तीजनबाई असती. गनियारीसारख्या गावांत आजोबांचे गाणे ऐकून पाठ झालेल्या आणि पुन्हा कधी तोंड न उघडलेल्या मुली किती असतील, याची कुठे नोंद होत नाही. चरित्र जिंकलेल्यांचे लिहिले जाते. विरोधाचे कौतुक करताना आपण नकळत विरोध करणाऱ्यांना माफ करतो.

पुढच्या पिढीकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. भिलाईच्या रितु वर्मा यांनी वेदमती शैलीत नाव कमावले. भिलाईच्याच उषा बारले यांनी लहानपणी मेहत्तरदास बघेल यांच्याकडे शिकायला सुरुवात केली, पुढे तीजनबाईंकडून कापालिक शैली आत्मसात केली आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यासमोर उभी राहून गाणारी एक बाई आधीच होती. तीजनबाईंना ज्या संमतीसाठी घर सोडावे लागले, ती संमती देणारी एक जागा त्यांच्या गाण्याने तयार केली. त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन.

९. समारोप

आई-वडिलांच्या आवडीचा मुलांवर परिणाम होतो हे खरेच आहे. पण 'परिणाम' हा शब्द मोघम आहे. घर कानावर काय पडू देते, काय शिकवते आणि कशाला हो म्हणते, हे वेगवेगळे पाहावे लागते. श्रवण जवळजवळ फुकट मिळते आणि ते अडवणे कठीण असते; म्हणूनच आवड बहुधा तिथून सुरू होते. शिक्षण घराबाहेरही मिळू शकते. संमती मात्र ज्यांच्यावर आपण अवलंबून असतो त्यांच्याच हातात असते. मुलाने आपल्याच आवडीचे गाणे गावे असा हट्ट मोगूबाईंच्या घरातही पुरता टिकला नाही. पण मुलाला गाऊ द्यायचे की नाही, हा निर्णय पालक खरोखर घेऊ शकतात, आणि त्याची किंमत मूल भरते.

म्हणून यापुढे एखाद्या चरित्रात 'घरात गाण्याचे वातावरण होते' हे वाक्य आले की तिथे थांबावे आणि विचारावे : कोणासाठी? त्या घरात आणखी कोण ऐकत होते, आणि ते गप्प का राहिले?

विचारासाठी प्रश्न

१. श्रवण, शिक्षण आणि संमती या तीन कसोट्या आपल्या आवडीच्या एखाद्या गायकाच्या किंवा गायिकेच्या चरित्राला लावून पाहा. कोणती गोष्ट कोणाकडून मिळाली?

२. आपल्या घरात लहानपणी काय वाजत असे याची यादी करा. त्यातले काय आज तुम्ही ऐकता, काय मुद्दाम टाळता? टाळण्याचे कारण संगीतात आहे की संगीताबाहेर?

३. 'विरोधामुळे कलावंत मोठा होतो' या विधानाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी एक परिच्छेद लिहा.

४. आपल्या घरातील किंवा गावातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला विचारा : तिला पाठ असलेले, पण चारचौघांत कधी न गायलेले गाणे कोणते? ती गाणार असेल तर आधी ऐका. टिपण नंतर करा.